हेडलाइट रिले किट: सात महिने आणि एक अख्खा पावसाळा

किट घ्या (रिले म्हणजे थोड्याशा करंटवर चालणारा आणि दिव्यांचा मोठा करंट सोडणारा वेगळा स्विच). पण त्यासोबत येणारा फ्यूज होल्डर पहिल्याच दिवशी कापून फेका. मला सांगायचंय ते एवढंच, पण ते पटावं म्हणून जानेवारीपासून सांगतो.

गुहागरला निघालो होतो, पुण्याहून उशिराच. कराड, पाटण मागे पडलं, कोयनानगर ओलांडलं आणि कुंभार्ली घाट उतरताना एका वळणावर दोन्ही हेडलाइट एकदम गेले. आधी मिणमिणले नाहीत की फडफडले नाहीत. डोळ्यांसमोरचा रस्ताच नाहीसा झाला. गाडी डोंगराच्या अंगाला घेऊन थांबवली, चारी इंडिकेटर लावले. मागे आई जागी झाली, "पोचलो का रे?" मला उत्तर सुचेना.

पार्किंगचे दिवे लागत होते, मीटरचेही. दांडी ओढून पास दिला की दोन्हीकडे लख्ख अप्पर (लांबचा झोत), सोडली की काळोख. नेहमीचा डिपरही (जवळचा झोत) नाही, अप्परही नाही. दोन बल्ब एकाच क्षणी सहसा जात नाहीत, तेव्हा बिघाड दोघांच्या सामाईक वाटेवर असणार. पासवर उजेड पडतोय म्हणजे बल्ब, अर्थिंग आणि माझ्या गाडीत तरी फ्यूजही शाबूत. उरला स्टीअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच. मागून आलेला एक टेम्पोवाला थांबला. खिडकीतून वाकून म्हणाला, "दादा, दांडीखाली हात लावून बघा, गरम असंल." हात लावला तर प्लास्टिक चटका बसेल इतकं तापलेलं, आणि जळक्या वायरचा वास. दांडी बांधून पासवरच गाडी न्यावी असं क्षणभर मनात आलं, पण तोच स्विच आणखी तापला असता आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत थेट अप्पर गेला असता. "माझ्या मागं मागं या," तो म्हणाला. पोफळीपर्यंत वीसच्या वेगाने, फक्त त्याच्या मागच्या लाल दिव्यांवर नजर ठेवून उतरलो. पुढेही चिपळूणपर्यंत तो आमच्या पुढेच राहिला. चहाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत त्याने.

सकाळी चिपळुणात इलेक्ट्रिशियनने स्टीअरिंगचं कव्हर उघडलं. कपलरची, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगची, एक पिन विरघळून प्लास्टिकमध्ये रुतली होती, बाजूची वायर बोटभर काळी. त्याने बल्ब काढून पाहिले आणि मान हलवली. १००/९० वॅटचे, म्हणजे अप्पर १००, डिपर ९०. दोन वर्षांपूर्वी उजेड कमी पडतो म्हणून पुण्यात एका दुकानातून बसवले होते. रिले लागेल का, असं मी तेव्हा विचारलं होतं. "काही होत नाही साहेब, सगळे असेच लावतात," असं सांगून दुकानदाराने पाठवून दिलं. बॉक्सवर 'ऑफ रोड', म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर वापरायचे नाहीत, असं छापलेलं मी नंतर वाचलं. साधा हिशेब आहे: कंपनीच्या ५५ वॅटच्या दोन डिपरना मिळून ९ अँपिअर लागतात, ९० वॅटच्या दोघांना १५. माझ्या गाडीत हा सगळा करंट त्या इवल्याशा स्विचमधून जातो. दोन वर्षं टिकला हेच खूप.

नवा स्विच चौदाशे, किट अकराशे, मजुरी पाचशे. तीन हजार रुपये, ते बल्ब घेताना वाचवलेल्या चारशेपायी. किटवर कुठलंच नाव नव्हतं: दोन रिले, बल्बचे सिरॅमिक होल्डर, तयार वायरिंग. बसवल्यावर स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जातो, दोनशे मिलिअँपिअरच्या आतबाहेर. दिव्यांचा करंट थेट बॅटरीकडून.

खरा धक्का पुढे होता. त्या इलेक्ट्रिशियनने किट लावण्याआधी साधे ६०/५५ चे बल्ब घालून, इंजिन चालू ठेवून मीटर लावला होता. बॅटरीवर १३.९ व्होल्ट, बल्बच्या कपलरवर ११.६. किटनंतर तिथेच १३.४. हॅलोजनला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं की उजेड तीसेक टक्क्यांनी पडतो. म्हणजे माझे मूळचे बल्ब कधीच कमजोर नव्हते, ते उपाशी होते! आणि मी त्याच बारीक वायरीवर दीडपटीहून जास्त खाणारे बसवले. हे मला दोन वर्षं कोणी सांगितलं नाही याचा राग अजून आहे. १००/९० च्या उष्णतेने रिफ्लेक्टरची चांदीही मधोमध काळवंडली, ती आता परत येणार नाही. समोरच्याला काय त्रास होत असेल ते वेगळंच.

फेब्रुवारी ते जून तक्रारीला जागाच नव्हती. रात्रीचा ताम्हिणी दोनदा केला, खड्डा वीस-पंचवीस फूट आधी दिसायला लागला. किटला डोळे झाकून पाच तारे दिले असते.

मग जुलै. साताऱ्याहून येताना खंबाटकीच्या बोगद्यात दोन्ही दिवे गेले, दोन-तीन सेकंदांनी परत आले. बायकोने माझा दंड घट्ट धरला, ती काहीच बोलली नाही. घरी येऊन विकणाऱ्याचा नंबर चिपळूणच्या इलेक्ट्रिशियनकडून घेतला, फोन केला. "पाणी गेलं असेल तर वॉरंटी नाही." मी म्हटलं, अहो, गाडी आहे, पावसात जाणारच ना? फोन ठेवला. त्या रात्री किटबद्दल जे लिहून ठेवलं होतं ते पुसून टाकलंय, कारण ते चुकीचं होतं.

रविवारी बॉनेट उघडून टेस्ट लॅम्प लावला. रिले एकदम ठणठणीत. चिपळूणच्या इलेक्ट्रिशियनचं कामही चोख, अर्थिंगखालचा रंगसुद्धा खरवडलेला. मग फ्यूज होल्डर उघडला. बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकतं तसा आतला पत्रा हिरवा पडलेला. फ्यूजचा एक पाय सुटून हातात आला. त्याचं झाकण नुसतं टेकतं, बसत नाही. तोंड वर, त्यात वायर इतकी आखूड की होल्डर बॅटरीच्या पुढे, चाकाने उडवलेलं पाणी येतं नेमका तिथेच लोंबतो. वायर वीतभर लांब असती तर तो बॅटरीमागे कोरड्यात बसला असता. वीतभर वायर! तिला किती पैसे लागतात?

आणि त्याहून गंभीर म्हणजे, डिपर आणि अप्पर दोघांना मिळून हा एकच फ्यूज. रिले दोन, वायरिंग जाड, होल्डर सिरॅमिक, आणि सगळ्यांचा जीव टांगलाय त्या पाच रुपयांच्या प्लास्टिकच्या डबीवर. तो गेला की घाटातली तीच रात्र परत. ज्याने हे किट जुळवलं त्याने अंधारात कधी गाडी चालवलीच नसावी.

मी दोन वॉटरप्रूफ होल्डर आणले, ऐंशीला एक. प्रत्येक रिलेला स्वतंत्र, १५ अँपिअरचा फ्यूज. आता डिपरचा उडाला तरी अप्पर राहतो, निदान कडेला थांबण्यापुरता. वायर वाढवली, सांध्यावर हीट श्रिंक (तापवली की आवळून बसणारी नळी), होल्डरचं तोंड खाली, पत्र्याला थोडी पेट्रोलियम जेली. दुपारचे दोन तास गेले. त्यानंतर ऑगस्टचा धो धो पाऊस झाला, दिवे एकदाही लुकलुकले नाहीत. परवा होल्डर उघडून पाहिला, पत्रा पिवळाधमक.

म्हणून रिले आणि वायरिंगला पूर्ण गुण, फ्यूज होल्डरला शून्य. बल्ब ६०/५५ चेच ठेवा आणि काचेला बोट लावू नका, बोटाच्या तेलकटपणाने ती एका जागी जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. एलईडीचं मला विचारू नका, मी वापरलेले नाहीत.

गणपतीला परत गुहागर. यावेळी आई म्हणते, उजेडात निघू. निघणारच आहोत, तरी कप्प्यात दोन फ्यूज, एक जादा रिले आणि टेस्ट लॅम्प आत्ताच ठेवलाय.