सिलिकॉनची रिंग पेसरी: उपयोगी, पण आत ठेवून विसरू नये

अंग बाहेर येतंय (गर्भपिशवी किंवा योनीची भिंत खाली सरकतेय) आणि ऑपरेशन नको आहे किंवा झेपणार नाही, अशा बायकांसाठी सिलिकॉनची रिंग पेसरी, म्हणजे अंगाला आधार द्यायला योनीत बसवायची कडी, हा खरोखर चांगला उपाय आहे. ती मऊ असते, दुमडून आत जाते, उकळता येते. पीव्हीसीची रिंग कडक असते. घालण्याआधी कोमट पाण्यात ठेवावी लागते आणि काही महिन्यांनी बदलावी लागते.

माप डॉक्टरांनी तपासूनच ठरवायचं. रिंग आणि योनीची भिंत यांच्यामध्ये बोट सहज फिरलं पाहिजे. बसवल्यावर तिथेच चालून, खोकून, उकिडवं बसून आणि लघवी करून बघा, मगच घरी जा. रिंग लहान असेल तर जोर करताच निसटते. मोठी असेल तर रुतते, कधी लघवी अडते.

खरी अडचण पुढे येते. पाळी गेल्यावर आतलं अस्तर पातळ आणि कोरडं होतं. त्यावर एकाच जागी दाब पडत राहिला की जखम होते. आधी वास येणारा पिवळसर स्राव, मग कपड्यावर गुलाबी डाग. वृद्धेला रिंगेचा विसर पडला आणि घरच्यांनाही ठाऊक नसेल, तर वर्षांनुवर्षं ती तशीच राहते. मांस तिच्यावर चढतं, क्वचित मूत्राशयापर्यंत भोक पडतं. म्हणून माप आणि बसवल्याची तारीख फाईलवर ठळक लिहाच, आणि लेकीला किंवा सुनेला सांगून ठेवा.

जमत असेल तर आठवड्यातून एकदा रात्री काढून सौम्य साबणाने धुवा, सकाळी पाण्यात विरघळणारी जेली लावून घाला. नाही जमलं तर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांकडे. तिथे रिंग बाहेर काढूनच भिंत तपासायला हवी; तिच्याखालची जखम एरवी दिसत नाही. पातळ झालेल्या अस्तरासाठी योनीत लावायची इस्ट्रोजेन (स्त्री-संप्रेरक) क्रीम सहसा दोन आठवडे रोज रात्री, नंतर आठवड्यातून दोनदा. स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर आधी विचारा.

रक्त दिसलं की 'रिंगेचंच असेल' म्हणून गप्प बसू नका. सोनोग्राफीत गर्भपिशवीचं अस्तर ४ मिमीपेक्षा जाड असेल किंवा रक्त पुन्हा दिसलं, तर त्या अस्तराचा तुकडा तपासायला हवा. जखम आढळली तर रिंग दोन-चार आठवडे बाहेर. तरीही भरली नाही, तर त्या जखमेचाच तुकडा तपासायला पाठवायचा.

पेसरीचे इतर प्रकारही आहेत. गेलहॉर्न (देठ असलेल्या बशीसारखी) पेसरी जास्त धरून ठेवते, पण चिकटून बसते आणि स्वतः काढणं अवघड. क्यूब (ठोकळ्यासारखी) पेसरी तर रोज काढावी लागते. सुरुवात रिंगेनेच करावी.