विंडी ॲप: शीत आघाडीला पक्कं, हिमसरींना कच्चं

हिवाळ्यात विंडी हे हवामान अंदाजाचं ॲप उघडलं की तापमानाच्या रंगीत नकाशात रमू नका. शीत आघाडी, म्हणजे पुढे सरकणाऱ्या थंड हवेची पुढची कड, नेमकी कधी पोहोचणार हे हवं असेल तर आपल्या ठिकाणावर टिचकी मारून तासातासाचा तक्ता बघा. हवेचा दाब उतरता उतरता एकदम चढू लागतो, दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव होतं तो) घसरतो आणि उत्तर गोलार्धात वारा नैर्ऋत्येकडून वायव्येकडे वळतो. तिन्ही गोष्टी एकाच सुमारास दिसल्या की आघाडी आलीच समजा. इथे हे ॲप खरोखर कामाचं. मॉडेल म्हणजे नकाशावर चौकोनांची जाळी टाकून संगणकाने केलेलं हवामानाचं गणित. सुमारे 9 किमी जाळीचं युरोपीय मॉडेल, 13 किमीचं जर्मन आयकॉन आणि अमेरिकी जीएफएस शेजारी शेजारी लावता येतात. वेळेत तीन-चार तासांचा फरक चालतो; दिवसाचा पडला तर अंदाज अजून शिजलेला नाही.

हिमसरींचं दुखणं वेगळं. सर असते जेमतेम काही किलोमीटर रुंद, जाळीच्या चौकोनातून सहज निसटते. मग मॉडेल चौकोनभर पातळ बर्फ सारवून मोकळं होतं. प्रत्यक्षात एक गल्ली पांढरीफटक, पलीकडची कोरडी. अशा दिवशी तासाचे आकडे सोडा, रडार लावा.

ॲपच्या नकाशावरचा ‘नवा बर्फ’ हा थरही जपूनच वाचा. 1 मिमी पाण्याचा 1 सेंमी बर्फ हा ढोबळ हिशोब. कोरड्या कडाक्यात तो दीडपट-दुप्पट फुगतो, शून्याजवळ निम्म्यावर येतो. शून्य अंशाची उंची, म्हणजे हवेचं तापमान जिथे शून्याला पोहोचतं ती पातळी, तीही तपासा. बर्फ तिच्याखाली साधारण 200-300 मीटर तग धरतो, पुढे पाणीच.