28 बोअर घ्यावी की 20? अपलँड शिकारीसाठी हलक्या शॉटगनची पारख

अमेरिकेतल्या बंदुकीच्या दुकानात 28 बोअरची दुनाळी हातात घेतली की निम्मं गिऱ्हाईक तिथेच पाघळतं. बारीक नळ्या, सडपातळ दस्ता, उचलली तर खेळण्यासारखी. इथेच फसगत होते. शॉटगन दुकानात उचलायची नसते. ती दिवसभर एका हातात वागवायची असते आणि पाखरू फडफडून उठलं की दीड सेकंदात खांद्याला लावून फिरवायची असते. ही दोन कामं एकमेकांच्या विरोधात जातात आणि हलक्या बंदुकीची सगळी पारख त्या भांडणात आहे. नळीवरचा आकडा त्यानंतर येतो.

अपलँड म्हणजे पाणपक्षी सोडून कोरड्या जमिनीवरचे पक्षी: मिशिगन-विस्कॉन्सिनच्या दाट झाडीतला रफ्ड ग्राउज आणि वुडकॉक, जॉर्जिया-टेक्सासचा बॉबव्हाइट लावा, साउथ डकोटाच्या मक्याच्या शेतातला फेजंट आणि नेवाडा-आयडाहोच्या खडकाळ उतारांवरचा चकर. हा चकर म्हणजे आपला चकोरच. 1893 साली कराचीहून त्याच्या जोड्या अमेरिकेत नेल्या गेल्या आणि पुढच्या शतकात तो पश्चिमेकडच्या कोरड्या डोंगरांत स्थिरावला. तिथे तो चांदणं पीत बसत नाही. चढावर पळतो, उतारावर उडतो आणि माणसाला घाम फोडतो.

आपल्याकडे ज्याला बोअर म्हणतात, त्याला तिथे गेज म्हणतात. नळीच्या व्यासाच्या शिशाच्या किती गोळ्या एका पौंडात बसतात, तो हा आकडा. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते: 12 ची साधारण 18.5 मिलिमीटर, 16 ची 16.8, 20 ची 15.6, 28 ची 14. अपवाद 410 चा. तो गोळ्यांचा हिशेब नाही, तो इंचाच्या हजाराव्या भागातला सरळ व्यास आहे, म्हणजे 10.4 मिलिमीटर.

28 बोअरबद्दल एक गोड दंतकथा चालते: तिचा पाऊण औंसाचा भार (काडतुसातल्या छर्ऱ्यांचं वजन) 'चौकोनी' आहे, म्हणजे छर्ऱ्यांच्या थराची उंची नळीच्या रुंदीइतकीच, म्हणून ती आकाराच्या मानाने जास्त मारते. हिशेब करून बघा. पाऊण औंस म्हणजे 21 ग्रॅम शिसं. मधली पोकळी धरली तर त्याला तीन घन सेंटिमीटरांहून थोडी जास्त जागा लागते. 14 मिलिमीटरच्या नळीत तो थर 20 मिलिमीटर उंच होतो, म्हणजे रुंदीच्या जवळजवळ दीडपट. खरा चौकोनी भार 12 बोअरमधल्या सव्वा औंसाच्या जरा आतल्या काडतुसात मिळतो. 20 बोअरमध्ये 7/8 औंसाला हे प्रमाण सव्वापटीच्या आसपास येतं. 28 चांगली चालते यात शंका नाही, पण त्यात जादू नाही. भार माफक, वेग सेकंदाला 1200 ते 1300 फूट, धक्का कमी, त्यामुळे माणूस डोळे मिटत नाही आणि दस्त्यावरून गाल उचलत नाही. एवढं पुरेसं आहे.

हाच हिशेब 410 ला लावला की ती नवशिक्याच्या हातात का देऊ नये ते कळतं. अर्ध्या औंसाचा थर नळीच्या अडीचपट उंच होतो. बार होताना वरच्या छर्ऱ्यांचं वजन खालच्यांवर पडतं, खालचे चेपतात, आणि चेपलेला छर्रा सरळ जात नाही. अर्ध्या औंसात साडेसात नंबरचे (नंबर वाढला की छर्रा बारीक) जेमतेम 175 छर्रे असतात, त्यातले काही असे वाया जातात. पाखरू मरत नाही, जखमी होऊन झुडपात घुसतं. पोरांना आणि सडपातळ बायकांना 'छोटी बंदूक' म्हणून 410 देण्याची रीत आहे, ती चुकीची आहे. ती कसलेल्या हातांची बंदूक आहे. शिकायला 20 बोअर घ्या, त्यात 7/8 औंसाचा हलका भार घाला.

आता मुख्य गोष्ट, फ्रेम. नळ्या ज्या पोलादी किंवा ॲल्युमिनियमच्या पेटीला जोडलेल्या असतात, ती फ्रेम. वेगळा साचा महाग पडतो, म्हणून बरेच कारखाने 28 बोअर 20 च्याच फ्रेमवर बांधतात. तेव्हा गंमत अशी होते की 28 ही 20 पेक्षा जड भरते, कारण नळीचा बाहेरचा घेर जवळजवळ तोच, आतलं भोक मात्र लहान, म्हणजे पोलाद जास्त उरलं. दुकानात एकाच मॉडेलच्या 20 आणि 28 काट्यावर ठेवायला सांगा. 28 जास्त भरली तर तुम्ही बारीक नळीचे पैसे देऊन जाड बंदूक घेताय. काटा नसेल तर बंदूक काडतूस घालताना उघडतात तशी उघडून फ्रेमचा समोरचा चेहरा बघा. काडतुसावर आदळणाऱ्या दोन टाचण्यांच्या भोकांभोवती पोलादाचे रुंद काठ दिसले की ओळखावं.

पण फार हलकी बंदूकही नको. जुना इंग्लिश ठोकताळा आहे: बंदुकीचं वजन भाराच्या 96 पट असावं. एक औंसाला सहा पौंड, 7/8 ला सव्वापाच, पाऊण औंसाला साडेचार. हे धक्का सोसण्यापुरतं किमान वजन, फिरवण्याचं नव्हे. साडेचार पौंडांची बंदूक झटक्यात खांद्याला येते आणि तितक्याच झटक्यात थांबते. नळी थांबली, पाखरू पुढे गेलं, छर्रे शेपटीमागून. 28 साठी साडेपाच ते पावणेसहा पौंड आणि 20 साठी सहाच्या आसपास हे माप बहुतेकांना बसतं. नळ्या 26 इंचांच्या नकोत, 28 इंचांच्या घ्या. पुढे आलेलं थोडं वजन हात चालता ठेवतं. ग्राउजच्या झाडीत लांब नळी अडकते ही तक्रार ऐकू येते, पण दोन इंचांनी फांद्या कमी होत नाहीत.

प्रत्यक्ष बंदुकांकडे येऊ.

सीझेडची बॉबव्हाइट जी-2 तुर्कस्तानात बनते. आडवी दुनाळी (नळ्या शेजारी-शेजारी), सरळ इंग्लिश दस्ता, दोन चाप. हजार डॉलरच्या आतबाहेर मिळणाऱ्या बंदुकांत हिचं नाव आधी घ्यावं. दोन चापांना नवखे बिचकतात, पण फायदा तिथेच आहे: चोक म्हणजे नळीच्या तोंडाचा आवळा, त्यावर छर्ऱ्यांचा पसारा ठरतो; पुढचा चाप मोकळ्या चोकच्या नळीचा, मागचा आवळलेल्या चोकच्या. पाखरू पायाजवळून उठलं की पुढचा, लांबून उठलं की मागचा. नळी निवडायचं बटण सरकवण्यात वेळ जात नाही. सरळ दस्त्यामुळे हात मागे सरकवणं सोपं जातं. या किमतीच्या दुनाळीत चाप जड असतात आणि लाकडाची बसण जाडीभरडी असते. चाप बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून हलके करून घेता येतात, घरी कानस चालवू नका. रिकामी काडतुसं उडत नाहीत, नुसती वर उचलली जातात, म्हणजे खिशात टाकायला सोयीचं.

ब्राउनिंगची सिटोरी 1973 पासून बाजारात आहे आणि जपानमध्ये मिरोकू बनवतं. उभी दुनाळी (नळ्या एकावर एक), कुलूप तिजोरीसारखं बसतं, पिढ्यान्पिढ्या टिकते. हिची 28 मात्र 20 च्या फ्रेमवर येते, पोलादी फ्रेमची साडेसहा पौंडांच्या आसपास भरते. स्कीटच्या, म्हणजे उडत्या मातीच्या तबकड्यांवर नेम धरायच्या खेळाच्या, मैदानावर हे वजन सुख देतं, चकोरामागे चढताना दुपारी तीनला ते दंडात उतरतं. सिटोरीच घ्यायची असेल तर 20 बोअर घ्या, ॲल्युमिनियम फ्रेमची फेदर मिळाली तर आणखी बरं.

बेनेलीची इथॉस 28 ही अर्धस्वयंचलित, सव्वापाच पौंडांच्या जवळपास. 2017 साली तीन इंची 28 बोअर काडतूस बाजारात आलं ते हिच्याबरोबर, साधारण एक औंसाचा भार घेऊन. हिच्या इनर्शिया पद्धतीत बंदूक धक्क्याने मागे जाते, त्यावर आतली स्प्रिंग दाबली जाते आणि बोल्ट, म्हणजे काडतुसामागची नळी बंद करणारा भाग, फिरतो. यातून दोन गोष्टी निघतात. एक, बंदूक मोकळेपणाने मागे जाऊ शकली नाही तर हलक्या भाराचं काडतूस अडकू शकतं. दोन, या पद्धतीच्या कुठल्याही बंदुकीत बोल्ट हळू हाताने पुढे सोडला तर तो पूर्ण फिरून बसत नाही. चाप ओढला की नुसता टक् आवाज, तोवर पाखरू गेलेलं. बोल्ट नेहमी झटक्यात सोडावा, आणि झाडीत त्याचं हँडल कशाला घासलं तर तळव्याने एकदा पुढे ठोकावं. वुडकॉक स्थलांतरित पक्ष्यांत मोडतो, त्यामुळे त्याच्या मागे जाताना बंदुकीत एकूण तीनपेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत. मॅगझिनमध्ये (काडतुसं साठवायच्या नळीत) जागा कमी करणारा प्लग आहे का ते आधी बघा.

16 बोअरवर जीव टाकणारे लोक आहेत आणि त्यांची बाजू खरी आहे, पण स्कीटच्या चार गटांत 12, 20, 28 आणि 410 आले, 16 राहिली. गावातल्या दुकानात तिची काडतुसं मिळतीलच असं नाही. जुनी घेतलीत तर चेंबरची, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या भागाची, लांबी मोजून घ्या. बऱ्याच जुन्या 16 बोअरचे चेंबर 65 मिलिमीटरचे आहेत, आजचं काडतूस 70 चं.

लांबीची ही भानगड नव्या 28 लाही लागू आहे आणि ती जास्त धोक्याची आहे. तीन इंची काडतूस पावणेतीन इंची चेंबरमध्ये सहज बसतं, बंदूक बंदही होते, कारण न उडालेल्या काडतुसाचं तोंड दुमडलेलं असतं. बार होताना ते तोंड उलगडतं, नळीच्या निमुळत्या भागात घुसतं, वाट आवळते आणि दाब वाढतो. नळीवर कोरलेला आकडा वाचल्याशिवाय काडतूस घालू नका. तसंच 20 चं काडतूस 12 च्या नळीत पुढे सरकून अडकतं. मागून 12 चं काडतूस बसतं आणि बार झाला की नळी फुटते. 20 ची काडतुसं पिवळी असतात ती यासाठीच. घरात दोन बोअर असतील तर जाकिटं वेगळी ठेवा, खिसे वेगळे पुरत नाहीत.

काडतुसांचं सांगायचं तर ग्राउज, वुडकॉक, लावा यांना साडेसात किंवा आठ नंबर, चोक सिलिंडर किंवा स्कीट, म्हणजे मोकळे. बार बहुतेकदा वीस यार्डांच्या आत होतो. पाऊण औंसात आठ नंबरचे तीनशेच्या वर छर्रे असतात, तेवढे पुरतात. चकोराला सहा किंवा साडेसात, एक नळी इम्प्रूव्हड सिलिंडर, दुसरी त्याहून आवळ मॉडिफाइड. फेजंटला सहा नंबर, आणि इथे 28 तोकडी पडायला लागते: पाऊण औंसात सहा नंबरचे 170 च छर्रे, 20 च्या एक औंसात सव्वादोनशे. पॉइंटर कुत्रा पाखराचा वास लागून जागीच रोखून उभा असेल आणि फेजंटचा नर तीस यार्डांत उठत असेल तर 28 चालेल. नोव्हेंबरनंतरचे शहाणे फेजंट चाळीस यार्डांवर उठतात, तिथे 20 घेऊन जा. एकच बंदूक परवडणार असेल तर उत्तर 20 आहे. 28 ची काडतुसं महागही पडतात, बऱ्याचदा दीडपट किंवा त्याहून जास्त.

कॅलिफोर्नियात 1 जुलै 2019 पासून कोणत्याही शिकारीला शिशाची गोळी किंवा छर्रा चालत नाही. स्टीलचा छर्रा हलका, तीच ताकद हवी तर मोठा घ्यावा लागतो, आणि 28 च्या काडतुसात तेवढी जागाच नाही. तिथे बिस्मथ या जड धातूचे छर्रे घ्या, खिशाला चटका बसेल. जुन्या आवळ चोकच्या नळीत स्टील अजिबात नको.

माप घेताना हिवाळी जाकीट अंगात ठेवा. अमेरिकन कारखान्यांचा दस्ता चापापासून टोकापर्यंत साधारण सव्वाचौदा-साडेचौदा इंच येतो. साडेपाच फुटांच्या आतबाहेरच्या मराठी माणसाला जाड कपड्यांवर तो बगलेत अडकतो. पावणेचौदा बऱ्याच जणांना बसतो. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा, मग डोळे उघडा. टोकाचा मणी नळीवरच्या पट्टीच्या मधोमध, पट्टीवर किंचित टेकलेला दिसला पाहिजे. पट्टी दिसतच नसेल तर दस्त्याची वरची कड तुम्हाला खाली आहे, बार खाली जाईल.

एच-1बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर आधी कायदा. अशा व्हिसावर बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे, आणि त्यातली नेहमीची सवलत म्हणजे तुमच्याकडे राज्याचा चालू शिकार परवाना असणं. म्हणजे क्रम असा: हंटर एज्युकेशनचा दाखला, मग परवाना, मग दुकान. परवान्याची मुदत संपली की सवलतही संपली, कपाटातली बंदूक मात्र तिथेच असते. नूतनीकरणाची तारीख फोनमध्ये टाकून ठेवा. भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्याने तितर-लाव्यांच्या शिकारीचा विषयच मिटवला आहे, त्यामुळे हे सगळं तिथल्या रानापुरतं.

विकत घेतल्यावर पहिलं काम मोसम उघडायच्या आत: चार फुटी चौरस कागद, पंचवीस यार्ड, मधे एक ठिपका. नेम न धरता, उडत्या पाखरावर लावतो तशी खांद्याला लावून बार टाका. असे पाच कागद, प्रत्येक नळीचे वेगळे. छर्ऱ्यांच्या दाट भागाभोवती तीस इंची वर्तुळ काढा. वर्तुळाचा मध्य ठिपक्यापासून सतत चार-पाच इंच एकाच बाजूला जात असेल तर दोष दस्त्याच्या मापाचा आहे, चोक बदलून तो जात नाही. दोन नळ्यांचे मध्य एकमेकांपासून लांब पडत असतील तर मात्र बंदूक दुकानात परत न्या, कागद सोबत घेऊन.