वेल्डिंग सेटवर घर चालवायचं की वेगळा जनरेटर घ्यायचा?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोलीकडच्या कितीतरी गावांत पुढे काही आठवडे वीज नव्हती. वर्ष सरायच्या आत, मे २०२१ मध्ये तौक्ते आलं. फॅब्रिकेशनचा धंदा असलेल्या माणसाला मग साहजिकच प्रश्न पडतो. इंजिनवर स्वतःची वीज बनवणारा वेल्डिंग सेट दारात उभा आहे, त्याला २३० व्होल्टचं सॉकेटही आहे, तर घरासाठी आणखी एक इंजिन कशाला घ्यायचं?

माझं मत आधीच सांगतो. सेट असेल तर अडचणीच्या दिवसांत जरूर वापरा, पण दिवसाला दोन-तीन तासच. पाणी भरा, फ्रिज थंड करून घ्या आणि बंद करा. रात्रभर पंखे फिरवायचं ते यंत्र नव्हे. आणि सेट नसेल, तर फक्त घराच्या विजेसाठी तो विकत घेऊ नका. तेवढ्याच ताकदीचा साधा जनरेटर बराच स्वस्त मिळतो.

सेटचा जोर दिसतो तो पाण्याच्या मोटरवर. एक एचपीची मोटर चालताना हजार-अकराशे वॅट घेते, पण सुरू होताना क्षणभर चार-पाच पट करंट ओढते. पेटीसारखा, हातात उचलून नेता येणारा दोन केव्हीए ताकदीचा इन्व्हर्टर जनरेटर बहुधा इथेच ओव्हरलोड दाखवून सप्लाय तोडतो. २०० अँपिअरच्या पेट्रोल सेटला साधारण १३ एचपीचं इंजिन असतं. मोटर लावली की त्याचा आवाज दबतो, दिवे मंदावतात, पण बहुतेक वेळा मोटर फिरते. घर विहिरीवर किंवा बोअरवर अवलंबून असेल तर ही मोठीच गोष्ट आहे. फक्त सेटच्या प्लेटवर नीट बघा. वेल्डिंगचे अँपिअर वेगळे आणि सॉकेटला मिळणारे केव्हीए वेगळे. वेल्डिंगला दणकट असलेले काही सेट सॉकेटला दोन-तीन केव्हीएच देतात.

पेट्रोलच्या हिशेबात मात्र सेट मार खातो. घरगुती विजेचे ५० हर्ट्झ मिळवायला सेटमधल्या वीज बनवणाऱ्या दोन पोलच्या अल्टरनेटरला ३००० आरपीएमवर फिरावंच लागतं. चार एलईडी दिवे लावा नाहीतर मोटर लावा, इंजिन त्याच रेसवर धावणार. हलक्या लोडवरही तासाला दीड-दोन लिटर पेट्रोल सहज जातं. इन्व्हर्टर जनरेटर लोड कमी झाला की रेस उतरवतो, आणि पाव लोडवर त्याचं अर्ध्या लिटरच्या आसपास भागतं. म्हणजे आठ तासांच्या रात्रीला एकीकडे १२ ते १६ लिटर, दुसरीकडे चार. वादळानंतर पंपावर रांग लागलेली असताना हा फरक पैशांपेक्षा कॅनच्या खेपांत जास्त जाणवतो. शिवाय अशा इंजिनाचं ऑइल साधारण दर १०० तासांनी बदलावं लागतं. रोज दहा तास चालवलंत तर दहाव्या दिवशी ऑइल हवंच. आवाजाबद्दल काय बोलायचं? शेजारी एकदा ऐकून घेतील, रोज रात्री नाही.

घराला जोडण्याआधी सेटचा सप्लाय मोजा. हर्ट्झ दाखवणारा मल्टिमीटर घ्या आणि ५०० वॅटचा हॅलोजन लोड म्हणून लावा. रिकाम्या सेटवर ५२ हर्ट्झपर्यंत आकडा दिसला तर हरकत नाही, लोडवर तो ५० च्या आसपास यायला हवा. व्होल्टेज २२०-२४० मध्ये टिकतंय का, तेही बघा. मग हॅलोजन काढून एकच एलईडी लावा. सेटला ऑटो आयडल, म्हणजे लोड नसताना रेस आपोआप उतरवणारी सोय, असेल तर एवढ्याशा लोडची त्याला जाणीवच होत नाही. तो रेस उतरवतो, व्होल्टेज आणि हर्ट्झ दोन्ही घसरतात, आणि अशा सप्लायवर फ्रिजचा कॉम्प्रेसर जळू शकतो. घराला जोडताना ऑटो आयडलचं बटण हाय स्पीडवरच ठेवायचं. घर जोडलेलं असताना वेल्डिंगही करायचं नाही, कारण टाका मारला की व्होल्टेज डुचमळतं.

जुन्या सेटबाबत आणखी जपा. काहींच्या सॉकेटला घरासारखा एसी नव्हे, बॅटरीसारखा डीसी येतो. त्यावर ग्राइंडर चालतो, म्हणून सप्लाय ठीक आहे असं वाटतं. पंखा, फ्रिज किंवा मोटर लावली तर वाइंडिंगच जातं.

रात्रीसाठी घरातला बॅटरीवाला इन्व्हर्टरच बरा. सेट चालू असताना तो चार्ज होतो. व्होल्टेजबाबत काटेकोर असलेल्या यूपीएस मोडवर तो सेटचा सप्लाय नाकारत असेल तर वाइड किंवा इको मोडवर टाकून बघा. पण अपेक्षा बेताची ठेवा. चार्जर १५ अँपिअरचा धरला तर तीन तासांत बॅटरीत ४५ अँपिअर-अवरच जातात. त्यावर कमी वीज खाणारे तीन बीएलडीसी पंखे आणि तीन दिवे जेमतेम चार तास चालतात. जास्त अँपिअरचा चार्जर असलेला इन्व्हर्टर घेतला, तर सेटचे तेच तीन तास कितीतरी कामी येतात. सेट असलेल्या माणसाने दुसऱ्या जनरेटरपेक्षा इथे पैसे घालावेत, असं मला ठामपणे वाटतं.

जोडणीत तडजोड नको. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसून घर चालवणं म्हणजे खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवाशी खेळ. घरातले २३० व्होल्ट उलटे ट्रान्सफॉर्मरमध्ये गेले की पलीकडे ११ हजार होतात, आणि त्याने तर लाइन बंद आहे असं समजूनच हात घातलेला असतो. घर एका वेळी लाइनला किंवा सेटलाच जोडणारा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर स्विच मीटरनंतर बसवून घ्या. पुष्कळ सेटचा न्यूट्रल बॉडीला जोडलेला नसतो. तशा सप्लायवर घरातला आरसीसीबी, म्हणजे लीकेज झालं की सप्लाय तोडणारा स्विच, ते लीकेज पकडेलच असं नाही, म्हणून अर्थिंग आणि न्यूट्रलचं काम लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. सेट पडवीत किंवा खिडकीखाली लावू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. घरापासून लांब, वरून पत्रा आणि चारी बाजू मोकळ्या अशी जागा मे महिन्यातच करून ठेवा, आणि तिथून चेंजओव्हरपर्यंतची केबल तेव्हाच मोजून घ्या.