समुद्रसफरीच्या नावाखाली खान्देशात चाललेली फसवणूक

जळगाव, अमळनेर, चाळीसगाव भागातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोकणातल्या ‘एक दिवस, चार ठिकाणं’ सफरीची जाहिरात फिरते आहे. तिच्यात आमच्या भिशी मंडळातल्या बायकांचे पैसे गेले. समुद्र फारसा न पाहिलेल्या लोकांनाच ही जाहिरात देणारा माणूस गाठतो, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

बेत असा होता: कोजागरीला सकाळी मालवणहून शिडाच्या होडीत बसायचं, आधी सिंधुदुर्ग किल्ला, साडेअकराला त्सुनामी बेट, दुपारी वेंगुर्ला रॉक्सच्या दीपगृहापाशी जेवण, संध्याकाळी देवबाग. निम्मे पैसे आगाऊ. तो आमच्याशी अहिराणीत बोलायचा, मूळचा पारोळ्याचा असल्याचं सांगायचा, वयस्कर बायकांना मावशी म्हणायचा. पैसे भरताना यूपीआयवर भलतंच नाव दिसलं, तर म्हणाला भाच्याचं खातं आहे. आपल्या बोलीत बोलणाऱ्यावर आपण किती पटकन विश्वास टाकतो, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

दशम्या, शेंगदाण्याची चटणी बांधून भुसावळहून मंगला एक्सप्रेसने रत्नागिरी आणि पुढे गाडी करून मालवण गाठलं. तिथे पोहोचलो तोवर त्याचा फोन बंद. सकाळी जेट्टीवर एका वयस्कर होडीवाल्या काकांना वेळापत्रक दाखवलं. त्यांनी आधी तिथी विचारली. कोकणात भरतीचा ढोबळ हिशोब तिथीवरून करतात: तिथीच्या आकड्याच्या पाऊणपट, तितक्या वाजता भरती. पौर्णिमा म्हणजे पंधरा, म्हणून भरती सव्वाअकराच्या सुमारास. कर्ली नदीच्या मुखाशी असलेलं त्सुनामी बेट म्हणजे वाळूचा पट्टा, भरतीला त्याचा बराच भाग पाण्याखाली जातो. आणि आम्हाला नेमकं साडेअकराला तिथे उतरवायचं ठरलं होतं!

वेंगुर्ला रॉक्स तर भर समुद्रातले खडक. पाकोळ्या तिथल्या गुहांत घरटी करतात. लाटांमुळे होडी लावणंच अवघड, तिथे बायका-मुलांची पंगत कुठून बसणार? शिडाच्या होडीतून किल्ल्यावर जायचं तर मुरूडजवळच्या राजपुरीहून जंजिऱ्याला जातात. मालवणातल्या होड्या इंजिनाच्या. काकांचं म्हणणं मला फार महत्त्वाचं वाटतं: ज्याच्याकडे खरंच होडी आहे तो भरती, वारा आणि लाइफ जॅकेट यांबद्दल स्वतःहून बोलतो. या माणसाने या तिन्हींचा एकदाही उल्लेख केला नव्हता.

किल्ला आम्ही पाहिला, जेट्टीवर रीतसर तिकीट काढून.

खरा घाव घरी परतल्यावर बसला. ‘सफर रद्द झाली, रिफंड घ्या’ असा मेसेज मंडळातल्या एका काकूंना आला, सोबत क्यूआर कोड. पाठोपाठ फोन: “मावशी, स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे जमा होतील.” काकूंनी पिन टाकला आणि खात्यातून आणखी पैसे गेले. “आमना पैसा गयात ना,” म्हणत त्या रडायला लागल्या. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागतच नाही, पिन फक्त द्यायला लागतो. हे आपल्या आईला, मावशीला, सासूला आजच सांगा. काकूंच्या सुनेने लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, त्यामुळे दुसऱ्या वेळची रक्कम पुढच्या खात्यात रोखली गेली. आगाऊ दिलेल्या पैशांची तक्रार मात्र आम्ही उशिरा दिली, ते पैसे अजून मिळालेले नाहीत. म्हणून फसवणूक लक्षात येताच १९३० लावा, व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा आणि गप्पांचे स्क्रीनशॉट पुसू नका.

पावसाळ्यातल्या तारखा कुणी देत असेल तर तिथेच थांबा. मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत किनाऱ्यावरची प्रवासी होडी वाहतूक आणि जलक्रीडा बंद असतात.

आता नाताळसाठी नवी जाहिरात आली आहे: २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेले चार जलदुर्ग, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग, एका दिवसात होडीने. खांदेरी अलिबागजवळ, सुवर्णदुर्ग दापोली तालुक्यात हर्णैसमोर, विजयदुर्ग देवगड तालुक्यात आणि सिंधुदुर्ग मालवणसमोर. हे चार किल्ले गाडीनेसुद्धा एका दिवसात बघून होत नाहीत. एजन्सीचं नाव नवं आहे, यूपीआय आयडी नवा आहे, होडीचे फोटो मात्र आम्हाला पाठवलेलेच आहेत.