मधुमेह, मोतीबिंदू आणि नवी लेन्स: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

देवगडच्या एका आंबा व्यापाऱ्याच्या पेढीवर मी बरीच वर्षे खतावणी लिहितो आहे आणि जवळपास तितकीच वर्षे मधुमेहाच्या गोळ्या घेतो आहे. दिवाळीनंतर उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढून हायड्रोफोबिक अ‍ॅक्रिलिकची मोनोफोकल, म्हणजे एकाच अंतरासाठीची, लेन्स बसवली. आता वाडीतले अनेकजण 'कुठली लेन्स घेऊ' असे विचारतात. मधुमेह असलेल्याने लेन्सच्या आधी तिच्या मागच्या पडद्याची चौकशी करावी, असे माझे ठाम मत झाल्यामुळे हे सविस्तर लिहीत आहे.

लेन्सबद्दल तक्रार नाही. लांबचे स्वच्छ दिसते, जवळच्या कामाला चष्मा लागतो, आणि हे आधीच सांगितले गेले होते. मल्टिफोकल लेन्स आत येणारा प्रकाश निरनिराळ्या अंतरांसाठी वाटून टाकते. पडद्याला मधुमेहाची बाधा असेल तर फिकट-गडद यांतला फरक ओळखणे आधीच अवघड झालेले असते, ते अधिकच अवघड होते. म्हणून डॉक्टरांनी ती टाळायला सांगितली आणि ते मला पटले.

पहिले काही आठवडे नजर उत्तम होती. महिना उलटल्यावर, मोहोराच्या फवारणीचा खर्च मांडताना, जमा आणि नावे या रकान्यांमधली उभी रेघ मध्येच डावीकडे वाकलेली दिसू लागली आणि तिच्या लगतचे ३ व ८ एकमेकांसारखे भासू लागले. उजवा डोळा झाकला की रेघ सरळ, डावा झाकला की पुन्हा वाकडी. डोळा लाल नव्हता, दुखतही नव्हता.

ओसीटी तपासणीत कारण दिसले. या यंत्रात डोळ्याला स्पर्श न करता प्रकाशाच्या साहाय्याने पडद्याचा उभा छेद पाहता येतो. नितळ दृष्टी देणाऱ्या पीतबिंदूच्या मध्यभागी पडद्याची जाडी साधारण पाव मिलिमीटर असते; माझ्या छेदात तिथे द्रवाने भरलेल्या काळ्या पोकळ्या होत्या आणि तो भाग फुगला होता. शस्त्रक्रियेमुळे डोळ्यात प्रोस्टाग्लँडिनसारखी दाहकारक द्रव्ये सुटतात, त्यांमुळे पीतबिंदूभोवतीच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात, आणि मधुमेहाने त्या वाहिन्यांच्या भिंती आधीच कमकुवत केलेल्या असतील तर पाझर सहज सुरू होतो. ही सूज बहुधा चौथ्या ते सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वाधिक असते. मोतीबिंदूनंतरच्या अशा सुजेचे वर्णन अर्व्हिन यांनी १९५३ मध्येच केले होते. ब्रिटनमधल्या ऐंशी हजारांहून अधिक डोळ्यांच्या नोंदींवर आधारित, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिचे प्रमाण मधुमेह नसलेल्यांत १.१७ टक्के, तर मधुमेह असलेल्यांत ४.०४ टक्के आढळले. पडद्याचा विकार जितका वाढलेला, तितका धोका अधिक.

वैद्यकाला एवढे ठाऊक असताना मला घरी जाताना दिलेल्या कागदावर थेंबांच्या वेळा, डोक्यावरून पाणी न घेणे, जड न उचलणे हे सारे होते. पडद्याच्या तपासणीचा मात्र उल्लेखही नव्हता, याचे मला मनापासून वाईट वाटते. रेघा ओढलेली वही ज्याच्यासमोर रोज नसते, त्याच्या हे लक्षात कसे येणार?

सूज शस्त्रक्रियेची की मधुमेहाची, हे ठरवण्यासाठी शिरेत रंगद्रव्य सोडून पडद्याच्या रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी केली, कारण पहिल्या प्रकारची सूज अनेकदा थेंबांनी किंवा आपोआपही ओसरते, तर दुसऱ्या प्रकारात इंजेक्शनांची गरज अधिक पडते. माझ्यात दोन्हींची सरमिसळ निघाली. नेपाफेनॅक (दाह कमी करणारे औषध) आणि स्टेरॉइडचे थेंब चालू राहिले. स्टेरॉइडने डोळ्यातला दाब वाढू शकतो, म्हणून प्रत्येक वेळी दाबही मोजला गेला. थेंबांनी सूज उतरली, पण पूर्ण गेली नाही, तेव्हा व्हीईजीएफरोधक, म्हणजे रक्तवाहिन्यांचा पाझर रोखणाऱ्या, औषधाची डोळ्यात इंजेक्शने घ्यावी लागली. डोळ्यात सुई म्हटल्यावर जी भीती वाटते ती सुन्न करणाऱ्या थेंबांनंतर बरीच निराधार ठरली. आज रेघ जवळजवळ सरळ आहे. अगदी मध्यावर किंचित लहर उरली आहे, तेवढ्याने हिशेब अडत नाही.

रेघा वाकड्या दिसतात का ते पाहण्यासाठी घरी मी अ‍ॅम्सलरचा तक्ता वापरतो. दहा सेंटिमीटरचा चौकोन, आत पाच मिलिमीटरच्या चौकटी, मध्ये एक ठिपका. वाचायचा चष्मा लावून, एकेक डोळा झाकून, साधारण ३० सेंटिमीटरवरून ठिपक्याकडे पाहायचे. फुकटात मिळणारी इतकी उपयोगी वस्तू दुसरी नसेल. पण ती ओसीटीची जागा घेत नाही.

डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू आंब्याचा हंगाम आटोपल्यावर काढायचा आहे. त्याची ओसीटी या वेळी शस्त्रक्रियेपूर्वीच होईल, आणि पडद्यावर सूज दिसलीच तर आधी तिच्यावर उपचार होतील. नेपाफेनॅक आदल्या दिवशी सुरू करून साठ दिवसांपर्यंत चालवायचे आणि सहाव्या आठवड्यात पुन्हा ओसीटी करायची, असे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेतले आहे.