सौरऊर्जेवर रिचार्जेबल सेल भरण्यासाठी कोणता चार्जर घ्यावा?

वीज न मिळणाऱ्या ठिकाणी काही दिवस राहायचे असेल आणि सोबतचा हेडलॅम्प, रेडिओ किंवा जीपीएस यंत्र रिचार्जेबल सेलवर चालत असेल, तर ते सेल उन्हावर भरण्याचे तीन मार्ग उपलब्ध आहेत. पहिला मार्ग म्हणजे झाकणावर पॅनेल आणि आत सेल बसतील असा डबीसारखा एकसंध चार्जर. दुसरा, पाठीवर छोटे पॅनेल बसवलेली पॉवर बँक. तिसरा, घडीचे सुटे पॅनेल, त्याला यूएसबीने जोडायचा सेलचा सुटा चार्जर आणि हवी असल्यास मध्ये एक साधी पॉवर बँक. यांपैकी निवड करताना वेष्टनावरचे दावे बाजूला ठेवून आधी दोनच गोष्टी पाहाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे: आपल्याला रोज किती ऊर्जा लागते आणि पॅनेलचे क्षेत्रफळ किती आहे.

ऊर्जेचा हिशेब सोपा आहे. निकेल-मेटल हायड्राइड प्रकारच्या डबल-ए सेलचा व्होल्टेज 1.2 आणि क्षमता साधारण 2000 मिलिअँपिअर-तास असते, म्हणजे एका सेलमध्ये 2.4 वॅट-तास ऊर्जा मावते आणि चार सेलमध्ये सुमारे साडेनऊ. मात्र हे सेल भरताना बरीच ऊर्जा उष्णतेत जाते आणि चार्जरच्या मंडलातही काही खर्ची पडते, त्यामुळे चार सेल पूर्ण भरण्यासाठी चार्जरला 16 ते 18 वॅट-तास पुरवावे लागतील असे धरून चालावे.

दुसरी बाजू पॅनेलची. पॅनेलची वॅट क्षमता ठरवताना दर चौरस मीटरला 1000 वॅट इतके प्रखर ऊन आणि 25 अंश सेल्सिअस इतके पॅनेलचे तापमान गृहीत धरलेले असते. चांगल्या मोनोक्रिस्टलाइन पॅनेलची कार्यक्षमता 20 टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून 100 चौरस सेंटिमीटर पृष्ठभागातून आदर्श स्थितीतही 2 वॅटपेक्षा फारसे काही निघत नाही. तळहाताएवढ्या पॅनेलवर 5 वॅट छापलेले असेल, तर तो आकडा खरा असू शकत नाही. शिवाय प्रत्यक्ष उन्हात पॅनेल 60 अंशांपर्यंत सहज तापते आणि सिलिकॉनच्या पॅनेलमधून मिळणारी वीज दर अंशामागे साधारण 0.3 ते 0.4 टक्क्यांनी घटते, त्यामुळे केवळ तापण्यापोटी दहा टक्के किंवा त्याहून अधिक घट येते. सूर्याच्या दिशेपासून पॅनेल 60 अंशांनी कललेले असेल, तर त्यावर पडणारे थेट ऊन निम्म्यावर येते. हे सगळे लक्षात घेता छापील वॅटच्या साठ-सत्तर टक्के हाती लागले, तरी पॅनेल चांगले म्हणावे.

एकसंध चार्जर

यात 1 वॅटच्या आसपासचे पॅनेल असते आणि चार सेल बहुधा एकापाठोपाठ एक अशा मालिकेत जोडलेले असतात. चार सेल भरत येताना मिळून जवळजवळ 5.8 व्होल्ट होतात, त्यावर रात्री प्रवाह उलटा वाहू नये म्हणून बसवलेल्या डायोडची घट येते, त्यामुळे पॅनेलला 6 व्होल्टच्या वर राहावे लागते आणि प्रवाह 150 मिलिअँपिअरच्या आसपास मिळतो. 2000 क्षमतेच्या सेलमध्ये भरताना सुमारे 2800 मिलिअँपिअर-तास ओतावे लागतात, म्हणजे अठरा-एकोणीस तासांचे कडक ऊन हवे. रोज पाच तास असे ऊन मिळाले, तर चौथा दिवस उजाडतो.

या प्रकाराचा एक गुण मात्र मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. त्यात गोंधळण्यासारखे काही नसते. सेलच्या क्षमतेच्या दहाव्या भागापेक्षाही कमी प्रवाह वाहत असल्याने चार्जिंग आपोआप थांबवणारे मंडल नसले, तरी थोडेफार अतिचार्जिंग सेल सहन करतात आणि ढग आले-गेले, तरी चार्जिंग फक्त मंदावते. महिन्यातून एकदा रेडिओचे सेल भरायचे असतील, तर हे पुरेसे आहे. दोष आहे तो रचनेत. पॅनेल उन्हात ठेवायचे म्हटले की खालचे सेलही उन्हात राहतात, आणि बंद काळ्या डबीत ते इतके तापतात की बाहेर काढताना बोटांना चटका जाणवतो. निकेलचे काय किंवा लिथियमचे काय, बहुतेक सेल 0 ते 45 अंशांच्या दरम्यान भरावेत अशी उत्पादकांची मर्यादा असते. त्यावर गेल्यास निकेलचे सेल पूर्ण भरत नाहीत आणि त्यांचे आयुष्यही घटते. मालिकेतला एक सेल इतरांपेक्षा जुना असेल, तर तो आधी भरून नुसता तापत राहतो आणि बाकीचे अर्धवट राहतात.

पॅनेल असलेली पॉवर बँक

या प्रकाराबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. 10,000 मिलिअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेत सुमारे 37 वॅट-तास मावतात आणि तिच्या पाठीवरचे पॅनेल प्रत्यक्षात 1 ते 1.5 वॅट देते. उन्हाच्या पाच तासांत 5 ते 7 वॅट-तास जमतात, म्हणजे ती पूर्ण भरायला आठवडा लागतो, आणि तेवढा काळ आतली लिथियम बॅटरी रणरणत्या उन्हात तापत राहते. घरून भरून नेण्यासाठी पॉवर बँक जरूर घ्यावी, पण पॅनेलसाठी म्हणून अशी पॉवर बँक घेऊ नये.

सुटे पॅनेल आणि सुटा चार्जर

येथे खरी निवड सुरू होते. 10 वॅटचे घडीचे पॅनेल स्वच्छ उन्हात 6 ते 7 वॅट देते, म्हणजे चार डबल-ए सेल सुमारे तीन तासांत भरण्याइतकी ऊर्जा त्यातून मिळते. पॅनेल उन्हात आणि चार्जर सावलीत ठेवता येतो, हा या मांडणीचा सर्वांत मोठा फायदा. सेलचे प्रत्येक घर स्वतंत्रपणे हाताळणारा, म्हणजे एक, दोन किंवा तीन सेलही भरू शकणारा आणि प्रत्येकासाठी वेगळा दिवा असलेला चार्जर निवडावा. दोन-दोनच्या जोड्या भरणारा चार्जर जुन्या-नव्या सेलची सांगड घालून पुन्हा वरचाच दोष निर्माण करतो.

या मांडणीला ढग मात्र मानवत नाहीत, आणि नेमकी हीच बाब खरेदीच्या वेळी कोणी सांगत नाही. निकेलचा सेल पूर्ण भरला की त्याचे व्होल्टेज काही मिलिव्होल्टने खाली येते आणि चांगला चार्जर तेवढी घसरण ओळखून थांबतो. पॅनेलवरून ढग सरकला की प्रवाह पडतो आणि त्याबरोबर सेलचे व्होल्टेजही पडते. अशा वेळी काही चार्जर सेल भरला असे समजून अर्ध्यावरच थांबतात. काही पूर्णपणे बंद पडून ऊन आल्यावर नव्याने सुरू होतात आणि त्यांची वेळमर्यादाही शून्यापासून मोजू लागतात, त्यामुळे भरलेले सेल पुन्हा पुन्हा भरले जातात. पॅनेल आणि चार्जर यांच्यामध्ये यूएसबीचा छोटा मीटर लावून पाहिल्यास हे डोळ्यांसमोर घडते: 1.2 अँपिअरच्या आसपास असलेला आकडा एका विरळ ढगाने 0.3 वर येतो, व्होल्टेज पाचाच्या खाली घसरते आणि चार्जरचे दिवे विझतात. एखाद्या डहाळीची किंवा पिशवीच्या पट्ट्याची सावलीही पुरते, कारण 5 व्होल्टसाठी पॅनेलमध्ये दहा-बारा सौर घटक मालिकेत जोडलेले असतात आणि त्यांतला एक झाकला गेला की त्या मालिकेतला सगळाच प्रवाह अडतो.

यावरचा उपाय म्हणजे दिवसा पॅनेलने साधी पॉवर बँक भरावी आणि रात्री तिच्यावर सेलचा चार्जर चालवावा. पॉवर बँक भरताना आणि रिकामी करताना पाचवा ते चौथा हिस्सा ऊर्जा वाया जाते, हे खरे. तरीही 10 वॅटच्या पॅनेलमधून दिवसभरात मिळालेल्या तीसेक वॅट-तासांपैकी बावीस-तेवीस तरी शिल्लक राहतात आणि त्यात चार सेल भरून थोडे उरते. शिवाय चार्जरला रात्रभर स्थिर पुरवठा मिळतो आणि सेल थंड हवेत भरले जातात. ढगाळ हवेची शक्यता असलेल्या कोणत्याही ठिकाणी मी ही मांडणी सुचवेन आणि पॅनेलही 10 ऐवजी 15 ते 20 वॅटचे घ्यायला सांगेन, कारण पातळ ढगांतून मिळणारा थोडासा प्रकाश मोठे पॅनेलच कामी लावू शकते. गुंडाळता येणारी अमॉर्फस सिलिकॉनची पॅनेले आदळआपट सोसतात, परंतु त्यांची कार्यक्षमता 6 ते 8 टक्केच असल्याने तेवढ्याच वॅटसाठी अडीच-तीनपट जागा लागते.

सेलचा प्रकार अजून ठरलेला नसेल, तर या निर्णयात त्यालाही स्थान द्यावे. 18650 आकाराचा लिथियम-आयन सेल 4.2 व्होल्टला भरलेला मानला जातो; त्याचा चार्जर व्होल्टेजची घसरण शोधत नाही, तर ती मर्यादा गाठल्यावर प्रवाह आपोआप कमी होत जातो. म्हणून ढगांमुळे चार्जिंग तुटले, तरी ते जिथे थांबले तिथून पुढे सुरू होते, आणि ऊर्जाही फार कमी वाया जाते. 3000 मिलिअँपिअर-तासांच्या अशा एका सेलमध्ये सुमारे 11 वॅट-तास, म्हणजे चार डबल-ए सेलपेक्षा जास्त ऊर्जा असते. ज्याच्याकडे फक्त एक टॉर्च किंवा हेडलॅम्प आहे आणि तो या सेलवर चालतो, त्याने मधली पॉवर बँक वगळून पॅनेल थेट लिथियमच्या चार्जरला जोडावे. ही सर्वांत हलकी आणि सुटसुटीत मांडणी ठरते. मात्र गोठणबिंदूखाली लिथियमचे सेल भरू नयेत, आणि 14500 हा लिथियम सेल आकाराने डबल-एसारखाच असला, तरी त्याचे व्होल्टेज जवळजवळ तिप्पट असल्याने तो साध्या यंत्रात घालू नये. पोटात कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज उतरवणारे छोटे मंडल, असलेले 1.5 व्होल्टचे लिथियम सेलही मिळतात. ते शेवटपर्यंत पूर्ण व्होल्टेज देतात, पण संपताना कोणतीही सूचना न देता एकदम बंद पडतात आणि त्यांच्यामुळे रेडिओत खरखर येऊ शकते.

डबल-ए आणि ट्रिपल-ए सेलवरची यंत्रे बरीच असतील, तर निकेलचेच सेल घ्यावेत, आणि तेही भरून ठेवल्यावर वर्षभराने बहुतांश चार्ज टिकवून धरणारे. सर्वाधिक क्षमतेच्या, म्हणजे 2500 च्या सेलपेक्षा 2000 चे असे सेल सहसा अधिक वर्षे चालतात आणि उन्हावर लवकरही भरतात.

पॅनेल आणि चार्जर ठरल्यावर त्यांना जोडणारी केबलही विचारपूर्वक घ्यावी. चार्जर सावलीत राहील इतकी ती लांब हवी, पण बारीक तारेच्या लांब केबलमध्ये व्होल्टेज पडते आणि पॅनेल आधीच पाच व्होल्टच्या काठावर असेल, तर चार्जर सुरूच होत नाही. म्हणून एक मीटरच्या आसपासची, जाड तारेची केबल निवडावी आणि निघण्यापूर्वी एकदा मीटर लावून दुपारच्या उन्हात ती तपासून घ्यावी.